काही दिसत नाही

दर तीन महिन्यांनी, मंगळवारी,
ज्युराच्या डोंगरात, घड्याळांच्या बंद कारखान्यामागे
मी गाडी लावते.
नऊ विहिरी आहेत. विहीर म्हणजे मनगटाएवढी नळी,
वर लोखंडी झाकण, त्याला कुलूप.
वाकून पाहिलं तर आपला चेहराही दिसत नाही.

मोजपट्टी खाली सोडते. पाणी लागलं
की ती टिटवीसारखी ओरडते.
अकरा मीटर बेचाळीस. लिहून घेते.
मग पंप. पहिलं पाणी आपलं नाही,
नळीत ताटकळून शिळं झालेलं, ते जाऊ द्यायचं.
आकडे डुलायचे थांबले
की मग कुपी, काठोकाठ,
झाकण, उलटी, टिचकी.
बुडबुडा दिसला तर ओता, पुन्हा भरा.
एवढ्याशा हवेतसुद्धा ते निसटतं
आणि पाणी प्रयोगशाळेत जाऊन खोटं बोलतं.

चाळीस वर्षं इथे पुर्जे धुतले.
पापणीच्या केसाएवढे स्क्रू, दातेरी चाकं
तेलकट आत जायची,
लख्ख, कोरडी बाहेर यायची.
धुण्याच्या औषधाला गोडसर वास.
बायका घरी जाताना विनाकारण हसायच्या,
डोकं हलकं झालेलं असायचं.
धुऊन उरलेलं कुठे गेलं?
पाण्याहून जड ते. तरंगलं असतं
तर निदान दिसलं असतं.
वाळूतून, खडीतून उतरत गेलं,
चिकणमातीवर बूड टेकून बसलं
आणि तिथून वर्षाला वीस मीटर
शाळेच्या दिशेने निघालं.

सत्तावीस वर्षं उपसा चालला.
मनोऱ्यात पाणी वरून पाडायचं, खालून वारा फुंकायचा,
कोळशातून गाळायचं, ओढ्याला द्यायचं.
मागच्या वसंतात आकडे इतके खाली आले
की पंप बंद केला. नगरपालिकेत केक कापला,
मलाही एक तुकडा मिळाला, जर्दाळूचा.

सहा महिन्यांत सात नंबर चढली.
चार. एकोणीस. त्रेसष्ट.
साहेब म्हणाले, अहवालात 'अनपेक्षित' असं लिही.
मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.
कोणी हसलं नाही.

कुंपणापलीकडे आर्सेन ब्वाया रोज कुत्रा घेऊन यायचा.
अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. कधी बोलला नव्हता,
मान हलवायचा, बस.
नोव्हेंबरात, धुक्यात, फाटक ढकलून आत आला.
काठी टेकली ती सायकलींच्या छपराखाली,
डांबरावर, जिथे नकाशात काहीच नाही.
"इथे खड्डा होता.
शनिवारी दोन डबे. मीच ओतायचो.
फोरमन म्हणायचा, ओत, जमीन पिते."

कुत्रा माझे बूट हुंगत होता.

"ल्युसेट धुण्याच्या खोलीत होती," तो म्हणाला.
पुढे काही बोलला नाही.
मी विचारलंही नाही. बाराव्या मिनिटाचा आकडा टिपला.

मग त्यानेच विचारलं, "अजून किती वर्षं?"
"आता जागा कळली, म्हणून कमी."
"म्हणजे किती?"
"तीस. कदाचित चाळीस."
त्याने घड्याळाला चावी दिली,
अंगठा आणि तर्जनी, सवयीने.
घड्याळ इथलंच, तबकडी पिवळी पडलेली.

लाल रंगाने डांबरावर फुली मारली.
उद्या ड्रिलवाल्यांना फोन, परवा साहेबांना,
की आधी साहेबांना? बघू.

सात नंबरची कुपी दोनदा बिघडली,
बोटं गारठली होती.
तिसरी भरली ती त्याच्या हातात दिली.
उलटी करा, म्हटलं. टिचकी मारा.
त्याने चष्मा कपाळावर चढवला,
कुपी धुक्यासमोर धरली,
चाकाचा दाता तपासावा
तशी फिरवून फिरवून पाहिली.

"काही दिसत नाही," तो म्हणाला.

"बरोबर," मी म्हटलं,
आणि ती बर्फात ठेवली.